मुंबई २०५० मध्ये बुडणार, की गेटवेच्या पायऱ्या आहेत तिथेच राहणार?

बांधकरी

दर पावसाळ्यात दोन फॉरवर्ड हमखास फिरतात. एकात दक्षिण मुंबई लालभडक रंगवलेला नकाशा आणि खाली 'आपलं घर शोधा'. दुसऱ्यात गेटवे ऑफ इंडियाचा जुना कृष्णधवल फोटो, शेजारी आजचा, आणि 'कुठे वाढलं पाणी?' हा विजयी सवाल. दोन्हींवर भांडणारे लोक मात्र तेच असतात.

आधी नकाशाबद्दल. तो २०१९ च्या ऑक्टोबरात क्लायमेट सेंट्रल या अमेरिकन संस्थेच्या अभ्यासातून आला. त्या अभ्यासात नवं काय होतं? समुद्राबद्दल फारसं काही नव्हतं, जमिनीबद्दल होतं. २००० साली अंतराळयानातून रडारने जगाची उंची मोजली गेली, तेव्हा दाट वस्तीत आणि झाडीत रडारला छपरं नि शेंडे दिसले, जमीन दिसली नाही. त्यामुळे किनाऱ्याची जमीन आहे त्याहून उंच वाटत राहिली. ही चूक दुरुस्त केल्यावर आकडा आला की २०५० पर्यंत जगात सुमारे ३० कोटी लोक अशा जमिनीवर राहत असतील जिथे वर्षातून एकदा तरी समुद्राचं पाणी पोचू शकेल. एकदा तरी. शिवाय बांध, भिंती, पंप काहीही धरलेलं नव्हतं. आपल्याकडे त्याचा मथळा झाला 'मुंबई बुडणार'.

आता गेटवे. बांधून पूर्ण झालं १९२४ साली. त्या बंदरात उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. शंभर वर्षांतली काही सेंटिमीटरची वाढ त्या फोटोत कशी दिसणार? फोटो भरतीचा आहे की ओहोटीचा, एवढंही कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीच्या दिवसाकडे बघताहेत. समुद्र सरासरी दिवशी कुणाच्या दारात येत नाही. तो येतो उधाणाच्या दिवशी, त्यात वारा असला तर, त्यात पाऊस असला तर. आमच्या खारेपाटात, म्हणजे भरतीच्या पातळीखालच्या भातशेतीच्या पट्ट्यात, बांधाची उंची ठरते ती त्या दिवसावर. चर्चा त्या दिवसाची करू.

झंपी_०७

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

तर्कटराव

धागा छान, पण गृहीतकच तपासून बघू या ना. पृथ्वीचं हवामान कायम बदलत आलंय. द्वारका बुडाली तेव्हा कुठे होत्या गाड्या आणि कुठे होते कोळशाचे कारखाने? आणि या आयपीसीसीवाल्यांचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीवाल्यांचा, इतिहास आठवतो का? २००७ च्या अहवालात छापलं होतं की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील. भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले व्ही. के. रैना यांनी २००९ मध्ये, जयराम रमेश पर्यावरणमंत्री असताना, वेगळं मांडलं, तर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी यांनी त्याला 'व्हूडू सायन्स' म्हटलं. मग २०१० च्या जानेवारीत चूक कबूल करावी लागली. असल्या लोकांवर विसंबून मी माझं नालासोपाऱ्याचं घर विकू?

पाणकोंबडी

नालासोपाऱ्याचं घर विकायला तुम्हाला आयपीसीसी कशाला लागते? जुलैमधला एक आठवडा पुरे आहे.

निवृत्त_मास्तर

तर्कटराव, २०३५ ची चूक खरी आहे आणि ती लाजिरवाणीच होती. पण ती पकडली हिमनद्यांचा अभ्यास करणाऱ्यांनीच, आणि होती ती परिणामांवरच्या खंडातल्या एका परिच्छेदात. समुद्राची पातळी मोजणाऱ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. एका धड्यात चूक सापडली म्हणून अख्खं पाठ्यपुस्तक रद्दीत देत नाहीत.

द्वारकेचं म्हणाल, तर सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होता. नंतर बर्फ वितळलं, समुद्र चढला, कारण पृथ्वीच्या कक्षेतले आणि आसाच्या कलातले बदल. ते कुणीच नाकारत नाही. पण गेली सहा-सात हजार वर्षं पातळी जवळपास स्थिर होती, आणि माणसाने बंदरं, शहरं, शेतं मांडली ती याच काळात. म्हणजे आपण ज्या पातळीच्या भरवशावर सगळं उभारलं तीच आता हलते आहे.

आणि आताची तापमानवाढ सूर्यामुळे होत असती तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळे थर तापले असते. मोजमापात दिसतंय ते असं: खालचा थर तापतोय, त्याच्या वरचा थर, म्हणजे स्थितांबर, थंड होतंय. उष्णता खालीच अडकते आहे याची ती खूण.

झंपी_०७

एक बाळबोध शंका. ग्लासात बर्फ टाकलं आणि ते वितळलं तर पाण्याची पातळी वाढत नाही. आठवीतला आर्किमिडीज. मग उत्तर ध्रुवावरचं बर्फ वितळून समुद्र कसा वाढेल?

निवृत्त_मास्तर

बाळबोध नाही, योग्य शंका आहे. उत्तर ध्रुवावर तरंगणारं बर्फ वितळल्याने पातळी जवळपास वाढत नाहीच. वाढते ती जमिनीवरचं बर्फ समुद्रात गेल्याने. ग्रीनलंडवर जमिनीवर एवढं बर्फ आहे की सगळं वितळलं तर जगाचा समुद्र सात मीटरहून जास्त चढेल. अंटार्क्टिकावर तर पन्नास मीटरहून अधिक. सगळं वितळायला हजारो वर्षं लागतील, म्हणून आजच्या भांडणात तो आकडा फेकण्यात अर्थ नाही.

पण लोक दुसरं कारण विसरतात. पाणी तापलं की प्रसरण पावतं. १९७१ ते २०१८ मधल्या वाढीत साधारण निम्मा वाटा याचाच आहे. बर्फाचा एक खडाही न वितळता समुद्र वर येतो.

बंदरावरचा

आकडे हवेत ना, हे घ्या. २०२१ च्या आयपीसीसी अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये जगाची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. वेग असा: १९७१ पर्यंत वर्षाला १.३ मिलिमीटर, १९७१ ते २००६ मध्ये १.९, २००६ ते २०१८ मध्ये ३.७. आपल्या उत्तर हिंदी महासागरासाठी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २०२० मध्ये भूविज्ञान मंत्रालयाचा अहवाल निघाला. त्यात १८७४ ते २००४ साठी वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर आहे आणि १९९३ नंतरच्या अडीच दशकांसाठी ३.३.

जुनी मोजणी बंदरातल्या भरतीमापकांची आहे, १९९३ नंतरची उपग्रहांची. म्हणून कुणी म्हणेल साधन बदललं म्हणून वेग बदलला. पण जगभरातल्या भरतीमापकांवरूनही वाढता वेगच दिसतो.

तर्कटराव

थांबा थांबा. मुंबईचा आकडा का नाही सांगितलात? अपोलो बंदरच्या भरतीमापकाची नोंद १८७८ पासूनची आहे, आशियातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी. त्यात वाढ वर्षाला एक मिलिमीटरपेक्षाही कमी निघते. म्हणजे शतकात आठेक सेंटिमीटर. जगाची सरासरी वीस आणि आमची आठ! मग मुंबईवरच एवढी रडारड का?

बंदरावरचा

आकडा बरोबर आहे. लपवला नव्हता, तुमच्याकडून यायची वाट बघत होतो. :)

समुद्र सगळीकडे सारखा चढत नाही. वारे, प्रवाह, पाण्याचं तापमान, जमिनीची स्वतःची हालचाल, सगळ्यांचा हिशोब त्यात येतो. बंगालमधल्या डायमंड हार्बरचा दीर्घकालीन आकडा वर्षाला पाच मिलिमीटरच्या वर आहे, कारण हुगळीच्या मुखाची गाळाची जमीन स्वतःच खचते आहे. आणखी एक गंमत. ग्रीनलंडच्या बर्फाचं वस्तुमान इतकं प्रचंड आहे की ते आसपासचं पाणी स्वतःकडे ओढून धरतं. बर्फ कमी झालं की ती ओढ कमी होते, ग्रीनलंडजवळचा समुद्र उतरतो आणि लांबचा जास्त चढतो. आपण लांबचे.

अवांतर: समुद्र 'सपाट' असतो हीसुद्धा समजूतच. गुरुत्वाकर्षणाच्या फरकामुळे श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्राच्या पृष्ठभागाला शंभर मीटरहून खोल खळगा आहे. जहाजातल्या माणसाला काही कळत नाही.

तेव्हा मुंबईची शंभर वर्षांची सरासरी काढून पुढच्या पन्नास वर्षांचा अंदाज बांधणं म्हणजे पहिल्या पाच षटकांच्या धावगतीवरून सामन्याचा निकाल सांगणं.

पाणकोंबडी

परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला आणि कोकण मिळवलं. कागदपत्रं काही केली नसणार. आता मूळ मालक ताबा मागायला आलाय.

नाना_गिरगावकर

पाणकोंबडीताई, मुंबईत तर बाणही लागला नाही. दगडमातीच टाकली. सात बेटांमधली खाजणं, खाड्या भरत भरत हे शहर झालं. अठराव्या शतकात वरळीची खिंड बांधून बुजवली तेव्हा कुठे मधला सखल भाग कोरडा झाला. आज पाणी नेमकं कुठे तुंबतं ते नकाशावर खुणा करून बघा आणि मग जुना बेटांचा नकाशा शेजारी ठेवा. हिंदमाताला पाणी साचतं त्याला जागतिक तापमानवाढ जबाबदार धरायची तर आमचे वाडवडील धुतल्या तांदळाचे ठरतील.

तर्कटराव

नाना, +१००. हेच तर म्हणतोय. गटारं साफ करायची नाहीत आणि हवामानबदलाच्या नावाने गळा काढायचा.

बांधकरी

नानांचं बरोबर आहे, पण त्यातून तर्कटराव काढतात तो निष्कर्ष निघत नाही. सखल जागा हा जुना दोष. पण सखल जागेतलं पाणी बाहेर जातं कसं? उतारानेच, आणि तो उतार समुद्रात संपतो. मुंबईच्या बऱ्याच पर्जन्यवाहिन्यांची तोंडं भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरती असली की पाणी आत अडतं, किंवा दारं बंद ठेवून पंपाने फेकावं लागतं. हाजी अली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध ही उपसा केंद्रं त्यासाठीच आहेत. समुद्र दहा सेंटिमीटर चढला तर वाहिनीचं तोंड रोज थोडा जास्त वेळ पाण्याखाली राहणार. गाळ काढलात तरी.

म्हणूनच महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या दिवसांची यादी काढते. ती यादी म्हणजे मी म्हणतोय ते 'दिवस'.

डचवहिनी

रॉटरडॅमजवळ राहते, म्हणून दोन शब्द. नेदरलंड्सचा पाव भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्राचं वादळ आणि उधाण एकत्र आलं, बांध फुटले, १,८३६ माणसं गेली. त्यानंतर डेल्टा प्रकल्प सुरू झाला तो पुढची चाळीसेक वर्षं चालला. आमच्या जवळचा मास्लांट अडसर १९९७ चा. दोन प्रचंड वक्राकार दारं आहेत, एकेक २१० मीटर लांब. एरवी उघडी असतात म्हणजे जहाजं येतात-जातात. २१ डिसेंबर २०२३ ला पाणी चढलं म्हणून ती आपोआप मिटली. तशी वेळ पहिल्यांदाच आली.

इथे 'समुद्र वाढतो की नाही' यावर वाद ऐकू येत नाही असं नाही, येतो. पण बांधाच्या उंचीवर होत नाही. त्यासाठी वेगळी जलमंडळं आहेत, काही मध्ययुगातली, देशाच्या सरकारपेक्षा जुनी. त्यांच्या निवडणुका होतात आणि आम्ही त्यांना वेगळा कर भरतो. दरवर्षी येणारं ते पाकीट बघून नवरा दरवर्षी कुरकुरतो आणि भरतो.

झंपी_०७

मग मुंबईलाही असलं दार लावून टाका. मिटला प्रश्न.

डचवहिनी

इथेच तर फरक आहे, भावजी. नेदरलंड्समध्ये वर्षभरात मिळून साधारण साडेआठशे मिलिमीटर पाऊस पडतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला. दार बाहेरचा समुद्र अडवेल, पण आतला पाऊस कुठे घालणार? इथे वादळं येतात हिवाळ्यात, तुमच्याकडे मोठं उधाण आणि मोठा पाऊस एकाच ऋतूत. डच उपाय उचलून आणता येत नाही, हे इथले अभियंतेही सांगतील.

मीठभाकर

सगळे मुंबई मुंबई करताय. पेण-अलिबागच्या खारेपाटाबद्दल बांधकरींनी दोन ओळी लिहून सोडून दिलं. मीही तिकडचाच.

पाटाबाहेरच्यांसाठी: आमची भातशेती भरतीच्या पातळीच्या खाली आहे. मध्ये मातीचा बांध, बांधात उघाडी, म्हणजे ओहोटीला आतलं पाणी सोडणारं आणि भरतीला मिटणारं दार. पूर्वी बांध गावचा असायचा. खांड पडली, म्हणजे बांधाला भगदाड पडलं, की घरटी एक माणूस बांधावर, कुणाची परवानगी नाही की निविदा नाही. खारभूमी विभाग आल्यावर काही योजना सरकारी झाल्या, काही खाजगीच राहिल्या. खाजगी बांध फुटला तर विभाग म्हणतो आमचा नाही. सरकारी फुटला तर अंदाजपत्रक होईपर्यंत दुसरं उधाण येतं.

आणि खरा पेच पुढे आहे. खांड बुजली नाही की खारं पाणी शेतात रोज येतं. दोन-तीन वर्षांत तिथे तिवरं उगवतात. तिवरं उगवली की ते कांदळवन. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर कांदळवनाला हात लावणं सोपं नाही, आणि नसावंही. पण सातबारावर भातशेती, जागेवर कांदळवन. मग बांध दुरुस्त करायला माती कुठून काढायची आणि मशीन कुठून न्यायचं? शेतकरी म्हणतो शासनाने बांध सांभाळला नाही म्हणून जंगल झालं. वन विभाग म्हणतो जंगल आहे ते तोडू नका. दोघांचंही खरं आहे. समुद्राची पातळी वाढते म्हणजे प्रत्यक्षात काय होतं, तर आमच्याकडे हे होतं.

तर्कटराव

यात पातळी वाढल्याचा पुरावा कुठे आहे? बांध सांभाळले नाहीत, फुटले. धरमतर खाडीत बार्जेसची ये-जा वाढली, लाटा बांधावर आपटतात. रेती उपसतात. शिवाय चंद्राचं १८.६ वर्षांचं चक्र असतं, त्यात काही वर्षं भरती थोडी मोठीच येते.

मीठभाकर

बार्जेस, रेती, दुर्लक्ष, तिन्ही खरं. चंद्राचं चक्रही खरं. बांधावर उभा असलेल्या माणसाला यातलं कुठलं किती, याची वाटणी करून मिळत नाही. पण बाकी सगळी कारणं कमी-जास्त होत राहतात. चक्रातली भरती काही वर्षांनी ओसरते. समुद्राची सरासरी ओसरत नाही. जुन्या बांधाला उधाणाच्या वर जो हात-दीड हात मोकळा ठेवलेला असायचा, तो आता लाटेला पुरत नाही.

खाजनकार

गोव्यातून. आमच्याकडे त्याच शेतीला खाजन म्हणतात आणि उघाडीला मानस. गावकारीच्या, म्हणजे गावाच्या सामूहिक कारभाराच्या, काळात बांध कुणी बघायचा हे ठरलेलं होतं. आता मानशीत मासळी धरायचा लिलाव मोठा झाला आहे, त्यामुळे खारं पाणी आत ठेवण्यातच काहींचा फायदा. कोरगुट भात खाऱ्या जमिनीत येतो म्हणून नावाजलेला, पण तोही कायम खाऱ्या पाण्यात उभा राहत नाही.

बांधकरी

पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या 'पनवेल' वाणांचंही तेच. खारटपणा सोसतात, समुद्र सोसत नाहीत.

नाना_गिरगावकर

मला एक कळत नाही. भारतात दरडोई कार्बन उत्सर्जन वर्षाला दोन टनांच्या आसपास, जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त, अमेरिकेचं सातपट. धूर त्यांचा, खांड आमच्या बांधाला. याचं बिल कोण देणार?

बंदरावरचा

नाना, २०२२ मध्ये शर्म-अल-शेखला नुकसानभरपाईचा निधी मान्य झाला, पण गरजेच्या मानाने त्यात पडलेले पैसे किरकोळ आहेत. वानुआतू या इवल्याशा देशाने पुढाकार घेऊन प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेला आणि जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने मत दिलं की हवामान वाचवणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे. मत सल्ल्याचं आहे, वसुलीचं नाही.

पण आपला स्वतःचा हिशोबही बघा. २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांच्या, अधिसूचनेत दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० वर आणला. त्यासाठी अमेरिकेने आग्रह धरला नव्हता. धोकारेषा आखली आहे, पण ती नियोजनासाठी. त्या रेषेने बांधकाम अडत नाही.

पाणकोंबडी

आणि वर धूपप्रतिबंधक बंधारे! मालवणजवळच्या देवबागला एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. दगड टाकले की तेवढी जागा वाचते आणि पुढच्या वाडीची वाळू जाते. मग पुढच्या वाडीला बंधारा. ठेकेदाराला मरण नाही.

झंपी_०७

मुद्द्याचं विचारतो. ठाण्याला खाडीजवळ फ्लॅट बघतोय. बिल्डर म्हणतो 'सर, सर्वात मोठी भरती ५ मीटर, आपलं जोतं त्याच्या बरंच वर आहे'. घेऊ का?

बंदरावरचा

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता, अख्खा धागा याच्यावर होता! त्याला विचारा, जोत्याचा आकडा कुठल्या शून्यापासून मोजलाय. भरतीच्या तक्त्यातले ५ मीटर हे चार्ट डेटमपासून असतात, म्हणजे साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीपासून. भारतीय सर्वेक्षणाची समुद्रसपाटी वेगळी, ती नऊ बंदरांच्या निरीक्षणांवरून १९०९ मध्ये ठरलेली. मुंबई महापालिकेच्या जुन्या नकाशांवर तिसराच, टाउन हॉल डेटम. तिन्ही आकडे 'मीटर' म्हणूनच सांगतात आणि तिन्हींत मीटरच्या हिशोबाने फरक आहे.

दुसरं, सोसायटीचं पावसाचं पाणी कुठल्या नाल्यात सोडलंय आणि त्या नाल्याचं तोंड उधाणाला पाण्याखाली जातं का ते विचारा. जोतं कितीही उंच असलं तरी तळघरातलं पार्किंग आणि लिफ्टचा खड्डा त्याच नाल्याला जोडलेले असतात.

तर्कटराव

आणि ऑगस्टमधल्या अमावस्येला भरतीच्या वेळी जाऊन बघा, बिल्डरच्या गाडीतून नको.

झंपी_०७

तर्कटराव, तुम्ही तर म्हणत होतात की पाणी वाढतच नाही!

तर्कटराव

माणसामुळे वाढतं हे मला अजून पटलेलं नाही. भरती येत नाही असं मी कधी म्हटलं? मास्तर, ते स्थितांबराचं जरा सविस्तर लिहा, त्यावर मला बोलायचं आहे.